उत्तरेस गिरजाबाई

वासुदेवभाऊ रोज सकाळी दुकान उघडाच्या आधी दुकान मोजे. दुकानातला माल नाई, दुकानच. त्याच्यापाशी एक जुना अंबाडीचा दोर होता, चार गाठी मारलेला. तो घेऊन चारी कोपरे फिरे, अन् गाठी जागेवर बसल्या का मंगच फळ्या काढे. मी म्हनो, भाऊ, दुकान काय राती चालत जाते का? तं म्हने, "वैनी, जागा सरकारची हाय. सरकारनं राती सरकवली तं कोनाले सांगू?"

सेलूच्या कचेरीच्या भिंतीले लागून त्याचं दोराचं दुकान. दावं, कासरा, बैलाची येसन, घुंगरं. बाजूले भुईवर पोतं टाकून माहे फुटाने-मुरमुरे. माहा मालक गेला तवापासून मी तिथंच बसो. वासुदेवभाऊचीबी बायको लवकर गेली, लेकरू नाई. दोघंबी सरकारच्याच जागेवर. फरक इतकाच, का त्याच्यापाशी ग्रामपंचायतीची एक जुनी पावती होती, माह्यापाशी तेबी नाई.

माही पोरगी सुमी चौथीत होती तवा त्याले नोटीस आली. अतिक्रमण हाय, पंधरा दिवसात उठा. त्यानं वर्ध्याले वकील केला अन् कोर्टातून स्टे आनला. निकाल लागेपर्यंत कोनी हात लावाचा नाई. त्याच्या स्टेच्या आडोशानं माहं पोतंबी कोनी उचललं नाई.

वकिलानं अर्जात जागेची चतुःसीमा लिहून घेतली, म्हंजे चारी बाजूले काय काय हाय ते. तवापासून ते चतुःसीमा त्याच्या तोंडात बसली. गिऱ्हाईक म्हने, काय वासुदेवभाऊ, बरं हाय ना? तं हा म्हने, "पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाली, दक्षिनेस कचेरीची भिंत, उत्तरेस गिरजाबाई. बरं हाय."

शेवटी माहं नाव आलं का लोकं माह्याकडे पाहून हासत. मले राग ये. मी काय नाली हाव का भिंत?

कोर्टाची पेशी, म्हंजे तारीख असली का सकाळच्या यष्टीनं वर्ध्याले जाये अन् दुकान माह्यावर सोपवे. "वैनी, कब्जा धरजा." माल इकजा असं नाई म्हने, कब्जा धरजा. कब्जा सुटला का केस गेली, असं वकिलानं सांगतलं होतं. मंग मी दिवसभर त्याच्या फळीवर बसून माह्या फुटान्यावर नजर ठेवो. कंबर धरून जाये. संध्याकाळी येऊन म्हने, "पुढची पेशी भेटली." जसं कोनी बक्षीस देल्लं.

एकदा न्यायाधीशसाहेबानं इचारलं म्हने, जागा किती फूट? हा म्हने, बारा हात. कोनाचे हात? तं यानं कठड्यात उभं राहून दोन्ही हात पसरून दाखवले. पटवारी टेप घेऊन मोजाले आला, तवाबी हा आपला दोर घेऊन त्याच्या मांगं मांगं. "टेप सरकारचा, हात माहा."

पावसाळ्यात तं आनखीनच. अंबाडीचा दोर वला झाला का आखडते, अन् दोर आखडला का दुकान मोठं भरे. दोर इकनारा मानूस, त्याले हे मालूम नाई का? तरी जीव घाबरे. वितभर अतिक्रमण वाढलं म्हने. एका झडीत त्यानं सारा माल वितभर आत सरकवला, अन् पावसाळाभर आंग चोरून बसला.

असे वर्सं गेले. सुमीचं लगन झालं. लोकायच्या खिशात मोबाईल आले. वावरात ट्रॅक्टर आले, दोर कोन घेते? तरी हा सकाळी दुकान मोजे.

मंग एक साहेब नकाशा घेऊन आला. केस मांगं घे, म्हने, पावतीवाल्याले यष्टी स्टँडमांगं पक्का गाळा देतो, फक्त इथं सही कर. साहेब तीनदा आला. एकदा याचा पेन चालत नाई, एकदा चष्मा घरी राह्यला, एकदा म्हने आज अवस हाय.

मी चिडली. म्हनलं, "भाऊ, पक्का गाळा भेटून राह्यला, तुमी काऊन अडून बसले?"

तो दोराची गाठ पाहत म्हने, "नकाशा चुकला हाय, वैनी."

काय चुकलं ते सांगे नाई. मले वाटलं, जागा हातात नाई, फुटात मोजली असन. साहेबानं येनं सोडलं, गाळे दुसऱ्यायले वाटून झाले.

सुमीले लेकरू झालं तवा निकाल लागला. केस गेली. वर्ध्याहून आला अन् म्हने, "आता पेशी नाई." बस इतकंच.

दुकान पाडाले मशीन आली त्या दिवशी त्यानं भांडन केलं नाई. फळ्या आपल्या हातानं काढल्या. मीबी पोतं गुंडाळलं. केसच्या कागदायची थैली माह्या हातात देल्ली, वली नका होऊ देजा म्हने.

सुमी बाळंतपनाले घरी आली होती. मले वाचता कुठं येते, तिले थैली देल्ली. त्यात साहेबाचा नकाशा निंघाला. त्यावर टाईप केलेलं, उत्तरेस मोकळी जागा. त्याच्यावर पेनानं काट मारली होती अन् बाजूले वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, गिरजाबाई, फुटाने. खाली सहीची जागा कोरी.

सुमी म्हने, "आई, त्यायनं सही केली असती तं तू तिथं कवा बसलीच नव्हती, असं झालं असतं."

मी म्हनलं, घडी करून ठेव तसाच.

दुसऱ्या दिवशी मी बाजाराच्या रस्त्याले पोतं टाकलं. थोड्या वेळानं वासुदेवभाऊ आला. खांद्यावर दाव्याचं गठुडं, हातात तो दोर. माह्या पोत्याच्या कडेले दोर लावला अन् मोजाले लागला. पूर्वेस रस्ता, म्हने. पश्चिमेस, म्हने, अन् तिकडं पाहतच राह्यला. तिकडं काईच नव्हतं. दोर हातातच राह्यला.

मी माहं पोतं वितभर सरकवलं.

"उत्तरेस गिरजाबाई," म्हनलं. "बसा आता."