बसूअण्णाचा शिक्का

तुमची म्हैस सुटून पळाली, तर तुम्ही आधी तिच्यामागं धावाल की निरोप खरा आहे का ते तपासाल?

मन्नाएखेळ्ळीला हायवेलगत कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान चालवणारा आमचा शेजारी बसूअण्णा निरोप तपासायचा. "अण्णा, म्हैस सुटलीया!" म्हणून मी ओरडत गेलो, तर म्हणाला, "शिक्का दाखव, मग बोल." म्हैस थेट पलीकडच्या निर्णा गावाच्या वाटेवर सापडली.

हैदराबादच्या नोकरीत तो पायथन ही संगणकाची भाषा शिकला होता. तिच्यात एचमॅक नावाची लायब्ररी असते. तिला मजकूर द्यायचा आणि दोघांतच ठरलेला एक गुप्त शब्द द्यायचा, की ती अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ देते. हाच शिक्का. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी माळ पार बदलते.

गुप्त शब्द फक्त त्याच्या धाकट्या बहिणीला, सुमनला ठाऊक. ती डब्यासोबत छापील चिठ्ठी द्यायची: "डब्यात पिठलं आहे." खाली शिक्का. एकदा ऐनवेळी तिनं पिठलं खोडून पेनानं वरण लिहिलं. शिक्का जुळेना. अण्णा उपाशी.

"अण्णा, वरण समोर दिसायलंय की!" मी म्हणालो.

"दिसंना का! कामून इस्वास ठिवू?"

सुमनच्या लग्नात त्यानं तिला पेनड्राइव्ह दिला. "सोन्याचा हाय का रं ह्यो?" मावशीनं विचारलं. त्यात शिक्क्याचा प्रोग्राम होता.

पुण्याला सासरी गेलेल्या सुमनच्या मेल येत, शिक्क्यासकट. एका सकाळी आली, "मी सुखात आहे." शिक्का जुळेना.

"टायपिंगची चूक आसंल," मी हसलो.

अण्णा हसला नाही. 'आहे' काढून तो एकेक शब्द घालून बघू लागला. 'मी सुखात नाही' लिहिलं, आणि माळ अक्षर न् अक्षर जुळली.

त्यानं शटर ओढलं आणि मिळेल त्या गाडीनं पुणं गाठलं. नवऱ्यानं मागं उभं राहून तिला शब्द बदलायला लावला होता. खालची माळ त्याला कचरा वाटली, म्हणून राहिली.

"काय म्हणली रं सुमन?" परतल्यावर मी विचारलं.

"काय न्हाई. दार उघडलं, 'अण्णा' म्हणली, अन् बॅग आणाया आत गेली."

वाचकहो, सासरी गेलेल्या मुली फोनवर 'सुखात आहे' म्हणतात आणि आपण सोयीनं ते मानतो. मानू नका. या रविवारी गाडीत बसा आणि तिच्या दारात जाऊन उभे राहा.