बाबांना डिझेलच का हवं?

नजर घारीची, मेंदू विजेचा आणि पावलं मांजराची, असं हौशी गुप्तहेर असलेल्या काकांचं स्वतःबद्दलचं प्रामाणिक मत होतं. टेस्ट ड्राइव्हहून परतताना ते त्याच मांजराच्या पावलांनी शोरूममध्ये शिरले आणि काचेच्या दारावर धाडकन आदळले.

"दाराला ओळख लपवायची सवय दिसते," कपाळ चोळत ते म्हणाले. मागून येणाऱ्या पुतणीनं, म्हणजे त्यांच्या बिनपगारी सहायकानं, निमूट मान डोलावली.

प्रकरण मात्र गंभीर होतं. पुतणीची आई फिजिओथेरपिस्ट. दिवसभर या गल्लीतून त्या गल्लीत, पेशंटच्या घरी. नवी एसयूव्ही तीच चालवणार होती. शोरूममधल्या ताईंनी नीट समजावलं होतं, की जवळच्या जवळ फिरायचं तर पेट्रोल बरं. डिझेलला मधूनमधून लांबची धाव लागते, नाहीतर फिल्टरमध्ये काजळी साठते. घरात पेट्रोल ठरलंही होतं. आणि आज दोन्ही गाड्या चालवून बघितल्यावर बाबा एकदम म्हणाले, "डिझेल. विषय संपला."

"अहो, काजळी झाडायला मी पेशंटना घेऊन हायवेवर जाऊ का?" आईचा चेहरा पडला. "का पण डिझेल?"

बाबा कुंडीतल्या झाडाकडे बघू लागले.

"कट आहे!" काका गरजले. "डिझेल म्हणजे लांबचा पल्ला. दादा, परगावी कोण आहे तुझं?"

"तुझी सासुरवाडी. तिकडे मी फुकट नेलं तरी जाणार नाही."

काकांनी मग शोरूममध्ये मांडलेल्या गाडीच्या धुराच्या नळीत बोट घातलं. "स्वच्छ! पुरावा नष्ट केलाय!"

"काका, गाडी नवी आहे."

"बघ ना, किती सफाईनं केलाय!"

शेवटी संशय शोरूमच्या ताईंवर आला.

"सर, पेट्रोल तर मीच सुचवलं," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच तुमच्यावर संशय येत नाही. आणि म्हणूनच येतो."

आईनं सुस्कारा टाकला. "चला, परत बसू दोन्हीत."

डिझेल गाडी घुर्रघुर्र निघाली. मागच्या सीटवर काका मोठ्यानं विचार करत होते, त्यांची पद्धतच ती. बाबा खुशीत गुणगुणत होते. मग पेट्रोल गाडी. ती इतकी गुपचूप निघाली, की काकांचा शब्दन् शब्द पुढं बसलेल्या बाबांपर्यंत पोचला: "आता दादाचा डावा कान बघ. गुन्हेगाराचा कान असाच असतो..." बाबांचे दोन्ही कान लालबुंद झाले.

आईनं एकदा कानांकडे, एकदा मागं पाहिलं. "अहो! भाऊजी ऐकू येतात म्हणून?"

"सगळं ऐकू येतं गं!" बाबा फुटलेच. "डिझेलमध्ये निदान निम्मं तरी बुडतं!"

"काका," पुतणी हळूच म्हणाली, "गुन्हेगार तुम्ही निघालात."

तेवढ्यात आईनं विचारलं, "रोज गाडी कोण चालवणार? मी. तुम्ही आणि भाऊजी रविवारपुरते. मग?"

बाबा पुटपुटले, "पेट्रोल."

"वहिनी," मागून पडेल आवाज आला, "मी इतर दिवशी नाही ना यायचं?"

"या की! पेशंट कंटाळलेले असतात, त्यांना गप्पा हव्याच असतात."

"आणि ते ऐकतील?"

"भाऊजी, व्यायाम होईपर्यंत त्यांचा पाय माझ्या हातात असतो," आई म्हणाली. "जाणार कुठं?"