बॉनेटवरची जागा

"पहिली ओळ मी म्हणणार आणि सगळ्यात उंच मी बसणार!" ओतिलियानं मक्याच्या पिठाचा गोळा परातीत असा आपटला, की चुलीपाशी झोपलेलं मांजर उठून निघून गेलं.

समोर तिची धाकटी जाऊ नोहेमी केळी सोलत होती. ती म्हणाली, "बसा की, जाऊबाई. मी कुठं नाही म्हणते?"

ही नाही म्हणत नाही, हेच तर ओतिलियाला खुपायचं.

जीपांच्या मिरवणुकीला आठवडा राहिला होता. आमच्या कोलंबियातल्या किंदीओच्या डोंगरात त्या दिवशी झाडून सगळ्या जुन्या जीपा चौकात येतात. कुणी कॉफीची पोती लादतं, तर कुणी अख्खं घरदार. यंदा या घरच्या पाच सुनांनी ठरवलं होतं, जीपवर सामान रचायचं आणि कार्टून सिनेमातलं ते सुरुवातीचं गाणं म्हणायचं. गाणं आपल्याच डोंगरातल्या माणसांवरचं, घरातल्या एकेकाची ओळख करून देणारं. गावातल्या कोंबड्यांनासुद्धा ते पाठ आहे. पण पहिली ओळ घरातल्या थोरलीची, आणि तिथंच सगळं अडलं.

नोहेमी म्हणजे चिमणीएवढा जीव, पण आवाज चर्चच्या घंटेसारखा. गेल्या ईस्टरला ओतिलियाचा आवाज भर प्रार्थनेत फाटला आणि पाद्रीबुवांनी पुढची ओळ नोहेमीला दिली. त्या दिवसापासून ओतिलियाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते कुठल्या काढ्यानं थांबलं नाही.

"तू पुढं बॉनेटवर बस," तिनं फर्मावलं.

"बॉनेट तापतं हो."

"मग उशी घे."

मिरवणुकीच्या सकाळी नोहेमी लाल घागरा आणि नवीकोरी टोपी घालून आली. ओतिलियानं टोपीची उंची डोळ्यांनीच मोजली आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, मागं अजून एक गादी टाका!"

गादीवर सासूबाईंची पेटी चढली, पेटीवर झुलती खुर्ची, आणि खुर्चीत ओतिलिया. शिवणयंत्र आणि केळीचे चार घड आधीच मागं लटकत होते.

आर्गेमिरोनं डोकं खाजवलं. "अगं, सगळं वजन मागंच चाललंय."

"तुम्ही गाडी चालवा. घर मी चालवते."

तेवढ्यात नोहेमीनं सहज घसा साफ केला, तर रस्त्यावरची चार माणसं थांबली. ओतिलियानं ते पाहिलं. सगळ्या सुना हिच्या मागंच गायला लागल्या तर? तिनं बाकीच्या तिन्ही सुनांना हाक मारून आपल्या पायाशी बसवलं. तिघी चांगल्या खात्यापित्या घरच्या. मागच्या स्प्रिंगा कण्हल्या, पण त्यांचं कोण ऐकतंय?

जीप चौकाच्या चढाला लागली. ओतिलियानं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि जीपची पुढची चाकं जमीन सोडून वर उठली.

ओतिलिया खुर्चीसकट उताणी. तिला दिसत होतं ते फक्त आभाळ आणि स्वतःचे बूट. नोहेमी मात्र बॉनेटवर, काचेची चौकट धरून, माणसांच्या डोक्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर, थेट चर्चच्या घड्याळाच्या उंचीला. जाऊबाईंचा सूर निघेना म्हणून बिचारीनं पहिली ओळ स्वतःच उचलली. अख्खा चौक तिच्यामागं गायला लागला.

"सीटबेल्ट बांधतात तशी मला बांधा कुणीतरी!" खालून ओतिलिया ओरडत होती. लोकांना वाटलं, तोही गाण्याचाच भाग.

दोन चाकांवर तोल धरण्याचं बक्षीस आमच्याकडं मोठं मानतात. यांनी त्यात नावही दिलं नव्हतं. तरी पंचांनी चषक आणून नोहेमीच्या हातात ठेवला.

"हा जाऊबाईंचा," नोहेमी म्हणाली. "त्या मागं बसल्या म्हणून मी वर गेले."

एवढं गोड बोलणं ओतिलियाला सहन होईना. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं जीप अंगणात काढायला लावली. सामान तेच, सुना त्याच. फक्त ती स्वतः बॉनेटवर आणि नोहेमी खुर्चीत. जीपची पुढची चाकं जमिनीवरून तसूभरही उचलली नाहीत.

आर्गेमिरो खाली वाकून चाकं बघत म्हणाला, "मागं तुझ्याएवढं कुणीतरी पाहिजे."

तेव्हापासून ओतिलिया रोज सकाळी नोहेमीच्या ताटात लोण्यात भिजलेल्या मक्याच्या तीन भाकऱ्या, चीज आणि डुकराचं तळलेलं मांस वाढते. "खा गं, बाई. अजून एक घे. माझी शप्पथ!" गाव म्हणतं, ओतिलियाचा जळफळाट गेला एकदाचा.

नोहेमी सगळं ताट चाटूनपुसून खाते आणि वर गुळाचं गरम पाणी मागते. तिच्या माहेरी सात पिढ्यांत खाऊन कुणी जाडं झालेलं नाही, हे तिनं जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही.