लिंडाच्या आजोबांचा बाप्तिस्मा

सासूबाईंना वाढदिवसाला शाल द्यावी की त्यांचे आजोबा, असा प्रश्न हरीशला पडला आणि त्यानं आजोबा निवडले. (शाल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती, पण सोपं असलेलं हरीशला कधी सुचलंय?)

सासूबाई म्हणजे लिंडा. त्याच्या बायकोचे, सीमाचे वडील साताऱ्याचे, पण आई अस्सल नॉटिंगहॅमची. आणि आईचे आजोबा अंतोनियो इटलीतल्या एका डोंगरगावातून येऊन इथं आइस्क्रीम विकायचे. त्यांचं घर लिंडाला एकदा पाहायचं होतं. "गुडघे चालताहेत तोवर," ती म्हणायची.

हरीशला भांडी घासता घासता ते गाव दिसू लागलं. खिडकीबाहेर करडं आभाळ आणि याच्या डोळ्यांपुढे ऑलिव्हची झाडं, उन्हात वाळत घातलेले टोमॅटो. साबणाचं पाणी बाहीत शिरलं तरी पत्ता नाही.

घराचा पत्ता शोधायला त्यानं गावच्या ऑफिसात विचारलं, पण नेमक्या त्या काळच्या जन्मनोंदी भूकंपात गेलेल्या. "चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद असेल, फादरना विचारा," तिथल्या बाई म्हणाल्या. हरीशनं ॲपवर शिकलेल्या इटालियनमध्ये फादरना फोन लावला. तिकडून "ब्राव्हो! ब्राव्हो!" असा आनंद उसळला, घरचा पत्ताही विचारला गेला. हरीश तरंगतच जिना उतरला.

रविवारी लिंडाही घरात होती, तेव्हा बेल वाजली. दारात एक आजी. एका हातात केक, दुसऱ्या हातात विणलेलं टोपडं.

"मी कार्मेला. इथंच राहते. फादर माझे मावसभाऊ," त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "बाळ अंतोनियो कुठंय?"

सीमा गरकन वळली. तिचं नॉटिंगहॅमी मराठी घाईत आणखीच अडखळायचं. "कुठला बाळ? हरीश, तू फोनवर काय बोलला?"

"बाप्तिस्मा हवाय म्हणालो."

"कोणाची?"

"अंतोनियोचा! तुझ्या पणजोबांचा!"

कार्मेला आजी आधी गोंधळल्या, मग सीमानं इंग्लिशमध्ये सगळं सांगितल्यावर पोट धरून हसल्या. लिंडानं ओशाळत आजोबांचं आडनाव सांगितलं, तशा त्या एकदम थांबल्या.

"विहिरीपाशी राहणारे? अगं, शेजारचंच गाव आमचं! कागद गेले असतील, घर आहे की अजून. माझी आई तिथं दुधाचा रतीब घालायची."

लिंडा टोपडं कुरवाळत ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले.

केक संपेपर्यंत जूनमध्ये जायचं ठरलंसुद्धा. हरीश तर मनानं केव्हाच डोंगर चढून गेला होता. तिथूनच त्यानं विचारलं, "मग तिकिटं किती काढू?"

"दोन," लिंडा मायेनं म्हणाली. "मी आणि कार्मेला. तू घर सांभाळ, डिअर. आणि प्लीज, आम्ही येतोय असं कळवायला तिकडे फोन करू नकोस."