सोपानअण्णांचं रावेत

सोपानअण्णा कधी माणसांची खुशाली विचारत नाहीत, भागांची सांगतात. सकाळी आमच्या लॅबमध्ये आले की माझ्या टेबलापाशी थांबून म्हणणार, "मॅडम, पिंपळे गुरवचा खोकला उतरला म्हणायचा. मोशीचं पोट मातूर अजून ठिकाणावर न्हाई." जणू ही सगळी त्यांच्या भावकीतली माणसं.

आमच्या लॅबचं काम सांगितलं की लोक नाक मुरडतात. माणूस दवाखान्यात जायच्या आधीच त्याच्या आजाराचे जंतू संडासावाटे गटारात पोचलेले असतात. ते पाणी तपासलं की कुठल्या भागात कुठला आजार वाढतोय, ते बरंच आधी कळतं. हे पाणी बाटल्यांत भरून आणायचं काम अण्णांचं. मूळचे मोशीचे शेतकरी. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि अण्णा आमच्याकडे लागले. म्हणतात, "आधी पाणी देत हुतो, आता घेतो. एवढाच काय तो फरक."

लॅबची गाडी बंद असली की बर्फाची पेटी मांडीवर घेऊन ते बसने येतात. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, "मासे का हो काका?" अण्णांना खोटं बोलता येत नाही. "न्हाई, रावेतचं सांडपाणी हाय." पुढचा सगळा प्रवास त्यांच्या बाजूची जागा रिकामी राहिली. "एवढ्या गर्दीत ऐसपैस आलो," हे मात्र त्यांनी आम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

हा खरेपणा त्यांना एकदा महागात पडला होता. त्यांचा मुलगा आयटीत आहे, रावेतला एका सोसायटीत राहतो. नातीच्या, चिऊच्या वाढदिवसाला अण्णा गेले. केक कापायच्या वेळी कुणीतरी विचारलं, "काका, तुम्ही काय करता?" अण्णांनी सविस्तर सांगितलं. वर पाहुण्यांना बजावलं, की या भागात सध्या जुलाब वाढलेत, तेव्हा सगळ्यांनी आधी हात धुवा. केक जवळजवळ तसाच राहिला. पाहुणे गेल्यावर मुलगा म्हणाला, "अण्णा, हे इथं बोलायची काय गरज होती? मला या लोकांत राहायचंय."

अण्णा उठले आणि घरी आले. त्यानंतर दोन वर्षं तशीच गेली. ना हे गेले, ना त्याने बोलावलं. पेटी पुसता पुसता त्यांनी मला हे सांगितलं, ते दुसऱ्याच कुणाच्या घरातली गोष्ट असावी तसं.

गेल्या थंडीत रावेतच्या पाण्यात लहान मुलांना जुलाब-उलट्या करणारा विषाणू एकदम वाढलेला दिसला. आम्ही रिपोर्ट आरोग्य विभागाला पाठवला. त्या दिवशी अण्णा तीनदा माझ्या टेबलापाशी येऊन गेले.

"किती वाढलाय?"

"बराच. पण अण्णा, हे एवढ्या घरांचं मिळून पाणी आहे. त्यावरून एका घराचं काही सांगता येत नाही."

"व्हय, ते ठाव हाय मला." ते जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, "तुमी पोराच्या घरी एक फोन करता का? हापिसातून म्हणून. पाणी उकळून प्या म्हणावं, पोरीचे हात धुवा म्हणावं. माझं नाव नका घेऊ."

मी नंबर लावला. सुनेने, स्नेहलने उचलला. मी हात धुण्याचं सांगत होते, तोच तिने विचारलं, "तुम्ही अण्णांच्या लॅबमधून बोलताय का?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी हो म्हटलं.

"चिऊला कालपासून जुलाब होतायत," स्नेहल म्हणाली. "आत्ताच डॉक्टरांकडून आणलंय. मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलंय, पण ती घोटभरही घेत नाहीये. हे पण घरीच आहेत, नुसते येरझाऱ्या घालतायत. अण्णांचं ती ऐकायची. त्यांना म्हणावं, याल का?"

मी निरोप सांगितला. अण्णा खिडकीपासून वळले. बेसिनपाशी गेले आणि कोपरापर्यंत साबण लावून तीनदा हात धुतले. कपाटातला धुवट सदरा घातला. मग दोन्ही हात माझ्यापुढे धरून म्हणाले, "वास येतोय का बघा."

"साबणाचा येतोय, अण्णा."

मी त्यांना स्कूटरवर घेऊन निघाले. एरवी वाटेतल्या गटाराच्या प्रत्येक चेंबरची तब्येत सांगणारा माणूस, आज नुसतं "जरा जोरात घ्या" म्हणत होता. सोसायटीच्या गेटवर थांबलो, तसा वॉचमन हसून पुढे आला. "काय काका, आज तर तुमचा वार नाही. चला मागच्या बाजूला, झाकण उघडून देतो."

मला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं. रावेतची बाटली अण्णा ह्याच सोसायटीच्या मागच्या चेंबरमधून भरत होते. दोन वर्षं, दर आठवड्याला, मुलाच्या इमारतीखाली येऊन परत जात होते.

"आज झाकण न्हाई उघडायचं," अण्णा म्हणाले. "आज वर जायचंय. तिसऱ्या मजल्यावर."

वॉचमनने गोंधळून रजिस्टर पुढे केलं. अण्णांनी नाव लिहिलं, फ्लॅटचा नंबर लिहिला. 'कोणत्या कामासाठी' या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं, 'आजोबा', आणि लिफ्टकडे चालू लागले.