अण्णा मगदुमांचा फळा

शिवाजी पेठेत आमच्या तालमीबाहेरच्या फळ्यावर निधनवार्ता लिहिण्याचा मान अण्णा मगदुमांचा. गल्लीत माणसे पुरेशी मरत नाहीत म्हणून की काय, अलीकडे ते चोरून सिनेमे दाखवणाऱ्या साइटींच्याही निधनवार्ता लिहितात. ‘आज सकाळी सरकारी कारवाईत देहावसान. रक्षाविसर्जन नाही, कारण दुपारी पुनर्जन्म.’ दुपारी ती साइट खरोखरच नावाला एखादे अक्षर जोडून परतते. अण्णा खाली लिहितात, ‘बारसे झाले.’

तीस वर्षे ते एका थिएटरात डोअरकीपर होते. थिएटर पाडले गेले, पण घरी आलेल्या पाहुण्याच्या पायाशी अण्णा अजूनही बॅटरी धरतात, भर दुपारीसुद्धा. कारवाईने चोरी थांबते का, हा त्यांचा आवडता विषय. ‘निम्मी माणसं आळशी. दार लावलं की ती घरी जात्यात. उरल्याली खिडकी हुडकत्यात.’

मी खिडकी हुडकणाऱ्यांपैकी. शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, हे इथे नमूद करताना संकोच वाटतो.

अण्णांच्या मुलीने, राजश्रीने, मुंबईत राहून आपला पहिला सिनेमा केला, विनोदी. तो शुक्रवारी लागला आणि शनिवारी साइटवर आला. रविवारी साइट बंद झाली, सोमवारी परतली. गुरुवारी दुपारच्या खेळाला माणसे आली नाहीत तर सिनेमा उतरवू, असे थिएटरवाल्यांनी कळवले. सगळ्यांनी फोनवर पाहून टाकला, आता पुन्हा सिनेमा करायचा नाही, एवढे सांगून राजश्रीने वडिलांचेही फोन घेणे सोडले.

बुधवारी अण्णा हळदीकुंकवाच्या अक्षता घेऊन घरोघर फिरले. लग्नाचे आमंत्रण द्यावे तसे प्रत्येक दारात अक्षता देऊन, सहकुटुंब यायचे, असे सांगत होते. माझ्या हातावर अक्षता पडल्या आणि मला राहवले नाही. तो सिनेमा मी शनिवारीच चोरून पाहिला, असे मी मान खाली घालून कबूल केले.

अण्णांनी आणखी चार अक्षता माझ्या हातावर ठेवल्या. मग म्हणाले, ‘म्हंजे कुठं हसायचं ते तुमास्नी ठावं हाय की, सर. पुढं बसा. तुमच्या मागनं बाकीची हसतील.’

माझ्या अपराधाला शिक्षेऐवजी काम देणारा हा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. त्या उपकाराची जाणीव मला रोज असते.

अक्षता घेतलेली सगळी गल्ली आली. बंदीने जे जमले नव्हते ते आमंत्रणाने जमले. मी नेमून दिलेल्या जागी हसलो, मागून हशा उसळला, आणि तिसऱ्या विनोदापासून माझी गरजच उरली नाही.

बाजूला पाहिले. अण्णा पडद्याजवळच्या भिंतीशी उभे राहून अंधारात फोन उंच धरून होते. माझ्या मनात नको ती शंका आली. मग दिसले, फोनची पाठ पडद्याकडे होती आणि तोंड आमच्याकडे. पलीकडे राजश्रीने अखेर फोन उचलला होता.

‘बोलू नगंस,’ अण्णा हळूच म्हणत होते. ‘नुसतं ऐक.’