व्हर्लिनचा पोलादी खांदा

"धक्का? कसला धक्का?" असं व्हर्लिन हॉगस्टाड चारचौघांत विचारायचा आणि खांदा उडवायचा. डावा! उजवा खांदा उडवण्याच्या स्थितीत तो जानेवारीपासून नव्हता.

जानेवारीत त्यानं दुकानातली सगळ्यात दांडगी रायफल घरी आणली. एल्क म्हणजे शेवटी हरीणच, घोड्याएवढं असलं तरी; ही रायफल अस्वलांच्या अख्ख्या खानदानाला पुरली असती! दुकानदारानं विचारलंही होतं, "झेपेल ना?" आता या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा पुरुष मोंटानात अजून जन्माला यायचाय. व्हर्लिननं आपली जुनी, गुणी, हलकी रायफल तिथंच विकली आणि घरामागच्या माळावर जाऊन नवीतून चार गोळ्या झाडल्या. पहिल्या गोळीला त्याची टोपी उडाली. दुसऱ्या गोळीला तो स्वतः दोन पावलं मागे गेला. तिसरी आणि चौथी कुठं गेली ते त्याला सांगता येईना, कारण त्या वेळी त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते.

संध्याकाळी तो खांद्यावर गोठलेल्या मटारची पिशवी धरून बसलेला लॉर्नाला दिसला.

"काय रे, काय झालं?"

"गोठ्याच्या दारावर आपटलो."

"चार वेळा?" लॉर्ना म्हणाली. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं मोजलं होतं.

लॉर्ना त्याची बायको. गॅरेजमध्ये तिचं एक टेबल होतं. त्यावर ती बारूद तोलून स्वतःच्या हातानं काडतुसं भरायची, जशी दुसरी एखादी लोणचं भरते. तिची रायफल लहानखुरी आणि जुनी होती.

"माझ्या रायफलीचा धक्का तुझ्या रायफलीच्या निम्मा आहे. तसली घे की एखादी."

"ती बायकांची रायफल!"

"हो का? मी पाडलेल्या सात एल्कना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही!"

व्हर्लिननं आतापर्यंत पाडलेल्या एल्कची संख्या इथं मुद्दामच दिलेली नाही. गरिबाची अब्रू झाकलेली बरी.

पण प्रश्न नुसत्या अब्रूचा नव्हता. प्रश्न एप्रनचा होता! व्हर्लिनचे सासरे एमेट क्रान्झ हे शिकारीच्या तळाचे सर्वेसर्वा. हंगाम सुरू होण्याआधीच्या रविवारी चर्च सुटलं की चौघांनी, म्हणजे एमेट, लॉर्ना, तिचा धाकटा भाऊ ड्वेन आणि व्हर्लिन यांनी, नेमबाजीच्या मैदानावर जमायचं. शंभर यार्डांवर कागदी थाळी टांगायची. ज्याच्या तीन गोळ्या थाळीत, त्याला डोंगराच्या कड्यावर जागा. ज्याच्या नाहीत, त्यानं आठवडाभर तळावर राहायचं, फुलाफुलांचा एप्रन घालायचा आणि बाकीच्यांना पॅनकेक करून वाढायचे.

यात एमेटची एक खास खोड होती. प्रत्येक जातीचं एकेक मेलेलं काडतूस, आत बारूदच नसलेलं, त्यांच्याजवळ असे. नेमबाजाची तीन जिवंत काडतुसं आणि हे एक मेलेलं अशी चार ते खिशात ठेवायचे. मग पाठ फिरवून एकेक रायफलीत घालायचे आणि रायफल हातात द्यायचे. कितव्या वेळी मेलेलं येणार ते कुणालाच ठाऊक नसे. नुसताच खट्ट आवाज होई आणि जो माणूस धक्क्याला भितो तो त्या खट्टलाच असा काही उसळे की बघणाऱ्यांची वर्षभराची करमणूक होई! गेली तीन वर्षं ही करमणूक व्हर्लिननं केली होती, तीसुद्धा जुन्या हलक्या रायफलीवर. तीन वर्षं एप्रनही त्याच्याच अंगावर होता.

"दाजी, यंदा पॅनकेकमध्ये जरा ब्लूबेरी जास्त घाला हं," ड्वेन जूनपासूनच म्हणायला लागला. "आणि खिशाला तुमचं नाव भरून घेऊ का, एप्रनच्या?"

"यंदा मी कड्यावर असेन!" व्हर्लिन म्हणाला. "या रायफलीचा धक्का मला कळतसुद्धा नाही!"

ते ऐकून लॉर्नाला आपल्या नवऱ्याची फार दया आली, आणि भावाचा फार राग. तिनं एक काम केलं. व्हर्लिनची दुकानातून आणलेली काडतुसं तिनं गॅरेजमध्ये मासे पकडायच्या जाळ्याखाली दडवली. तशाच एका डबीत स्वतः भरलेली ठेवली, निम्म्या बारुदीची. आणि ब्र काढला नाही.

त्या उन्हाळ्यात व्हर्लिनचं नशीब फळफळलं! रोज माळावर जावं, दहा गोळ्या माराव्यात, हसत घरी यावं. डोळे उघडे राहू लागले. दचकणं गेलं. गोळ्या बशीएवढ्या जागेत पडू लागल्या.

"सवयीचा प्रश्न असतो गं," तो लॉर्नाला समजावून सांगे. "धक्का सगळ्यांनाच बसतो. पचवणारा खांदा लागतो."

"खरंय बाई," लॉर्ना म्हणे आणि गॅरेजमध्ये जाऊन पुढच्या डबीत निम्मी-निम्मी बारूद तोले.

ऑक्टोबरातला तो रविवार उजाडला. कडाक्याची थंडी होती. व्हर्लिन हातमोजे शोधायला गॅरेजमध्ये गेला आणि त्यानं मासे पकडायचं जाळं उचललं.

"अरेच्चा! एक डबी इथंच राहिली की!" असं म्हणून त्यानं ती कोटाच्या खिशात टाकली.

लॉर्नानं त्याच्यासाठी भरलेली डबी तिच्या पिशवीत होती. मैदानावर तिचा, ड्वेनचा आणि एमेटचा नंबर होऊन गेला. तिघांच्याही तीन-तीन गोळ्या थाळीत पडल्या. मग व्हर्लिन पुढं झाला. त्याला काडतुसं द्यायला म्हणून लॉर्नानं पिशवीत हात घातला, तोवर त्यानं स्वतःच्या खिशातून डबी काढून सासऱ्यांच्या हातावर तीन काडतुसं ठेवलीसुद्धा!

लॉर्नाचा हात पिशवीतच राहिला. ओरडावं, तर निम्म्या बारुदीचं गुपित ड्वेनसमोर फुटणार. गप्प बसावं, तर नवऱ्याचा खांदा जाणार. शेवटी ती खोकली. चांगली जोरात खोकली! पण व्हर्लिननं कानांवर आवाज अडवणारे टोप चढवले होते. त्यानं तिच्याकडे बघून झोकात मान हलवली आणि जमिनीवर मांडी घालून बसला.

एमेटनी पाठ फिरवली, काडतूस घातलं, रायफल दिली. व्हर्लिननं निवांत नेम धरला. भीती अशी नव्हतीच. चाप ओढला.

पुढं काय झालं ते व्हर्लिनला नीट कळलं नाही. डोंगर एकदा खाली आणि एकदा वर गेल्यासारखा वाटला एवढंच. खांद्यापासून बोटांपर्यंतचा उजवा हात आपला आहे की शेजाऱ्याचा, हेही समजेना. पण सासरा बघत होता, मेव्हणा बघत होता. त्यानं चेहरा जागचा हलू दिला नाही. खरं म्हणजे तो हलवता येत नव्हता.

"वा!" एमेट म्हणाले आणि रायफल घेऊन पुन्हा पाठ फिरवली.

दुसऱ्यांदा चाप ओढला. खट्ट! मेलेलं काडतूस!

ड्वेन हसण्यासाठी तोंड उघडून तयारच होता. ते तसंच उघडं राहिलं. व्हर्लिन तसूभर हलला नाही! नळी हलली नाही, पापणी हलली नाही. हलणार कशी? बधिर झालेला खांदा दचकायचा तरी कसा? दगडी पुतळ्यासारखा तो बसून राहिला आणि एमेट क्रान्झनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणासाठी तरी डोक्यावरची टोपी काढली.

"जावईबापू," ते म्हणाले, "याला म्हणतात काळीज!"

उरलेल्या दोन गोळ्या व्हर्लिननं त्याच अवस्थेत मारल्या. एमेट दुर्बिणीतून बघत राहिले. तिन्ही भोकं थाळीत होती, पण वरच्या कडेला, अगदी थाळीबाहेर पडता पडता राहिलेली! एमेटनी लॉर्नाला हळूच बाजूला घेतलं.

"तिन्ही वर कशी गं? रोजच्यापेक्षा बारूद जास्त होती, असं दिसतंय."

"आज खरी होती, बाबा. उन्हाळाभर निम्मी."

"त्याला माहितेय?"

"नाही."

"मग सांगू नकोस एवढ्यात." एमेट थोडे घुटमळले. "आणि माझ्या काडतुसांत हल्ली किती घालतेस?"

"निम्मीच, बाबा. सहा वर्षं झाली."

"तरीच!" एमेट म्हणाले. "हेही ड्वेनजवळ बोलू नकोस."

पण ड्वेनचं डोकं भलतीकडेच चाललं होतं. "ही लबाडी आहे!" तो ओरडला. "ताईनं भरलेली असणार, पाणचट काडतुसं! मी आयुष्यभर दुकानातलीच वापरतो. द्या इकडे ती रायफल, मी एका हातानं मारून दाखवतो!"

"ड्वेन, नको रे," लॉर्ना कळवळून म्हणाली. बहीणच ती शेवटी.

"बघा, घाबरली! आता तर मारणारच!"

व्हर्लिननं डबीतलं एक काडतूस त्याच्यापुढं धरलं. डाव्या हातानं. ड्वेननं रायफल खांद्याला जेमतेम टेकवली, दाजींकडे बघून दात काढले, रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा चिकटवला आणि चाप ओढला. बार झाला. ड्वेन उताणा पडला. उठून बसला तेव्हा त्याच्या भुवईवर दुर्बिणीच्या कडेची सुबक चंद्रकोर उमटली होती आणि ती ठिबकत होती. घरी पोचेपर्यंत तो डोळा पुरता मिटला. उजवाच, नेम धरायचा!

"एका डोळ्याचा माणूस कड्यावर नको," एमेटनी निकाल दिला. "ड्वेन, एप्रन तुझा. ब्लूबेरी जास्त घाल."

घरी जाताना गाडी लॉर्नानं चालवली, कारण व्हर्लिनचा हात गियरपर्यंत जात नव्हता. तोंड मात्र ठणठणीत होतं!

"बघितलंस ना? काळीज म्हणाले! पोलादी खांदा आहे माझा! आज थंडीमुळं धक्का किंचित जास्त वाटला, पण तसा काही—"

लॉर्नानं पिशवीतली डबी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "ही तुझी. उन्हाळाभर तू हीच मारलीस. निम्म्या बारुदीची."

व्हर्लिननं डाव्या हातानं डबी उलटीसुलटी करून पाहिली.

"मग आज…?"

"आज खरी."

हे ऐकलं मात्र, आणि मघापासून थांबून राहिलेली कळ एकदम खांद्यात उतरली. "आई गं!" तो किंचाळला. फाटकापर्यंत तो कण्हत होता. फाटकाशी त्यानं विचारलं, "तरी पण मी हललो नाही, हो ना?"

"नाही हललास," लॉर्ना म्हणाली, आणि तिला त्याचा खरोखरच अभिमान वाटला.

शनिवारी पहाट फुटताना दोघं कड्यावर बसली होती. लॉर्नानं त्याच्या तळहातावर तीन सुटी काडतुसं ठेवली.

"यातली कुठली गं ही? निम्मी की पुरी?"

"काडतुसं आहेत."

"अगं, पण सांग ना!"

"समोर बघ."

समोरच्या झाडीतून भलामोठा एल्क शांतपणे चालत येत होता. माथ्यावर शिंगांचा हा एवढा पसारा! ऐंशी पावलांवर तो थांबला. व्हर्लिनचे डोळे सताड उघडे होते. बार झाला, एल्क दोन पावलं चालला आणि जागीच कोसळला. आयुष्यातला पहिला! घ्या, आता लपवायचं काही कारण उरलं नाही. व्हर्लिन लहान पोरासारखा रडला, लॉर्नाही रडली, आणि धक्का बसला की नाही, बसला तर केवढा, हे त्याला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

दुपारी तळावर मिरवणूकच पोचली! एमेटनी जावयाला मिठी मारली, पाठ थोपटली. ड्वेननं एका डोळ्यानं का होईना, पण कौतुकानं शिंगं मोजली. मग सगळे जेवायला बसले. ड्वेनचे पॅनकेक बाहेरून कोळसा होते आणि आतून रबर. एमेटनी एक घास तोंडात घातला, बराच वेळ घोळवला आणि नातेवाईकांच्या नकळत तळावरच्या कुत्र्यापुढं टाकला. कुत्रा तो हुंगून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

कुणी व्हर्लिनकडे बघितलं नाही. पण अजून सहा दिवस जायचे होते, आणि भूक व्हर्लिनलाही लागलीच होती.

"सरक रे," तो ड्वेनला म्हणाला. "आण तो एप्रन इकडे."

विजयी वीरानं फुलाफुलांचा एप्रन अंगावर चढवला. त्याचा पट्टा उजव्या खांद्यावर पडला मात्र, आणि धक्का म्हणजे काय ते ठाऊकच नसलेला तो माणूस सगळ्यांदेखत हातभर उडाला!

"पट्टा गार होता," व्हर्लिन म्हणाला आणि अंडी फोडायला लागला.